लॅव्हिनाच्या शेजारची जागा

धाकटी लेक हेस्टर बाळंत झाली त्याच उन्हाळ्यात, नातवाचा बाप्तिस्मा व्हायच्या आत, कॅप्टन ओबेड व्हिटकम गेला. टेकडीवर थोरल्या लेकीशेजारी, लॅव्हिनाशेजारी, त्याला पुरायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच खड्डा खणणारा टोबी व्हिटकमांच्या हॉटेलच्या मागच्या दारी येऊन उभा राहिला.

"बाई, खणताना खड्ड्याची तुमच्या लॅव्हिनाकडची भिंत ढासळली," तो म्हणाला. "आत काही नाही."

"पंचवीस वर्षं झाली. पेटी कुजली असेल."

"तसं नाही. तुम्हीच येऊन बघा. मला बोलायला लावू नका."

ओबेडची बायको अल्मायरा टेकडी चढून गेली. पाहिलं. लॅव्हिनाच्या दगडाखालची माती कधी खणलेलीच नव्हती. गवताची जुनी मुळं तळापर्यंत सलग गेली होती. वर नुसता ढिगारा रचलेला. त्या ढिगाऱ्यापुढं ती दर रविवारी गुडघे टेकत आली होती. गावातली पहिली कबर म्हणून नगरपालिकेनं त्याला लोखंडी कठडा केला होता. पुढं जो मेला तो त्याच्या आसऱ्यानं पुरला गेला, आणि दफनभूमी वाढत गेली.  अल्मायरा कठड्याला धरून ओकली.

पश्चिमेकडं निघालेल्या गाड्यांच्या तांड्यात लॅव्हिना घटसर्पानं गेली होती. तीन वर्षांची पोर. तिला वाटेतच पुरली. अल्मायरा तिथून पुढं पाऊल टाकेना, म्हणून तांड्याचा कॅप्टन असलेल्या ओबेडनं तिथंच तळ टाकला. त्या तळाचं गाव झालं, गावाला त्याचंच नाव पडलं. ती तापात पडली होती तेव्हा त्यानं तिच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, "नेली बघ मी तिला टेकडीवर. आपली पोर आता वाटेवर नाही." मग त्याच वाटेवर त्यानं गावाचा मोठा रस्ता आखला.

म्हणजे पोर अजून रस्त्यातच होती. दारूच्या गुत्त्यासमोरच्या तंबाखूच्या पिचकाऱ्यांखाली. तबेल्याच्या शेणाखाली. पाऊस झाला की डुकरं ज्यात लोळत त्या चिखलाखाली. आणि रोज सकाळी हॉटेलच्या दारातून खरकट्याची बादली त्या रस्त्यावर फेकणारी अल्मायराच होती.

ती खाली आली. दिवाणखान्यात ओबेड बर्फावर निजवलेला होता आणि फळीखालच्या घंगाळात पाणी ठिबकत होतं. बायका बशा मांडीवर घेऊन सफरचंदाचा केक खात होत्या. खोलीभर त्या केकच्या दालचिनीचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक. नगराध्यक्ष पर्किन्स खिडकीशी भाषण घोकत होता. "ज्या बापानं आपली पोटची पोर या मातीला दिली..." त्याच्या मिशीला केकचा चुरा लागला होता.

"याला कुंपणाबाहेर पुरा," अल्मायरा म्हणाली. "घोडेचोर पुरलेत ना, त्यांच्यात."

"व्हिटकमबाई, अहो, बँड बोलावलाय."

"मग बँडही तिकडंच न्या."

काटे बशीत थांबले. दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं, असं कोणीतरी कुजबुजलं. पर्किन्सनं सायलसला बोलावणं धाडलं. त्या तांड्यातला आता तोच एक उरला होता. समोरचा तबेला त्याचा. तो शेणानं माखलेल्या बुटांनीच आत आला आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं, वहिनी."

"आणि तिच्या अंगावरून घोडे नेलेस. मी खरकटं ओतत होते तिच्या तोंडावर, आणि तू समोरून टोपी काढत होतास मला. माणसं आहात का रे तुम्ही दोघं? थू."

थुंकी त्याच्या बुटावर पडली. त्यानं ती पुसली नाही.

"रस्त्यात नाही ती," तो म्हणाला.

"मग कुठं आहे?"

सायलसनं स्टूल ओढलं, पण बसला नाही. "तांड्यातले बाकीचे आपण कसे पुरले, आठवा. वाटेच्या मधोमध. मग वरून सगळ्या गाड्या, सगळे बैल. माती दगडासारखी झाली पाहिजे, लांडग्यांना वास लागता कामा नये. लॅव्हिनाच्या वेळी तुम्ही बैलांपुढं आडव्या झालात. पोरीवरून चाक जाऊ देणार नाही म्हणालात. कॅप्टनला तुमचं मन मोडवेना. गाड्या बाजूनं काढल्या."



"तुम्हाला ताप चढला तेव्हा तो तिला उचलायला गेला. फावडं माझ्याच खांद्यावर होतं. फावड्याचं काम नव्हतं, वहिनी. आधीच उकरलेलं होतं सगळं. उचलायला काही ठेवलंच नव्हतं. मला म्हणाला, सायल्या, हिच्या कानावर गेलं तर तुला जिता ठेवायचा नाही."

अल्मायरा आपल्या हातांकडं बघत राहिली. याच हातांनी तिनं त्या दिवशी बैलांचं जू धरून ठेवलं होतं. तिनं ते परकराला पुसले, पुन्हा पुसले. किळस काही जाईना.

मग ती दिवाणखान्यात गेली. पर्किन्स उठून उभा राहिला.

"शेजारचा खड्डा बुजवा," ती म्हणाली. "त्याला लॅव्हिनाच्या दगडाखालीच पुरा. जागा मोकळी आहे."

कॅप्टन ओबेड व्हिटकम २ ऑगस्ट १८८४ रोजी वारला. गावातल्या सगळ्यात जुन्या कबरीत, लेकीच्या नावाखाली, तो एकटाच आहे.