दुमडलेला कोपरा

“सिस्टर, हे पुस्तक आजवर कुणी पूर्ण वाचलंय का हो?”

खिडकीजवळच्या खाटेवरून शिंपीकाकांनी विचारलं, तेव्हा सिस्टर सलाईनची बाटली बदलत होती. “वाचलं असेल की,” ती म्हणाली. “तुम्ही वाचा निवांत.”

वॉर्डाच्या खिडकीत पुस्तकांची एक फळी होती. पेशंट गेला की त्याचं पुस्तक फळीवर, पुढच्या पेशंटसाठी. ओळख ना पाळख, पण पुस्तक मात्र खाटेवरून खाटेवर फिरत राहायचं. आणलेलं असायचं बहुधा भेटायला आलेल्यांनी. पुस्तक हातात दिलं की फार बोलत बसावं लागत नाही, पाहुणा मोकळा. त्या वॉर्डातून आपल्या पायांनी घरी जाणारे थोडेच, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे. डॉक्टर तर ‘बघू’ या एका शब्दावर अख्खा राउंड उरकत.

या रिवाजात सिस्टरनं स्वतःची एक भर घातली होती. लोक वाचता वाचता थांबले की पानाचा कोपरा दुमडतात. खाट रिकामी झाली की ती पुस्तक चाळायची, शेवटचा दुमडलेला कोपरा शोधायची आणि उलगडून अंगठ्यानं सपाट करायची. आधीचा माणूस इथवरच पोचला, हे पुढच्याला कळायला नको. ही युक्ती आपल्यालाच सुचली, याचं तिला थोडं कौतुकही होतं.

शिंपीकाकांच्या हातात खुनाची गोष्ट होती. खून कुणी केला ते कळावं आणि घरी जावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी पुस्तक उजेडात तिरकं धरलं.

“घडी मोडता येते, सिस्टर. रेघ जात नाही. जन्मभर इस्त्री फिरवलीय मी. हे बघा, इथं कुणीतरी थांबलं. इथं दुसरं कुणी. सगळ्या रेघा अर्ध्या पुस्तकापर्यंत. पुढचा कागद कोरा करकरीत.”

“बरे होऊन गेले असतील, अर्धवट टाकून.”

“खुनी सापडायच्या आत? बरा झालेला माणूस पुस्तक सोबत घेऊन गेला असता.”

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सलाईनचे थेंब मोजायला घेतले.

संध्याकाळी मुलगी आली. काकांनी चष्मा काढून तिच्या हातात ठेवला. “घरी ने. इथं हरवेल उगाच.”

“मग वाचणार कसं, बाबा?”

“झालं वाचून.”

सिस्टर शेजारच्या खाटेपाशीच होती. तिला स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर काकांचाही. एवढं बारीक बघायची काय गरज होती या माणसाला? त्यानंतर ते तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. चादरीखाली बोटांचा काहीतरी चाळा चाललेला असे. सुईविना हात राहत नसेल, असं तिला वाटलं.

आठवडा संपायच्या आत खाट रिकामी झाली. उशीखालून तिनं पुस्तक काढलं आणि सवयीनं चाळायला घेतलं. अर्ध्यापर्यंत जुन्या रेघा. त्यापुढेही रेघा होत्या. दर थोड्या पानांनी एक कोपरा दुमडलेला आणि नखानं दाबून पुन्हा सरळ केलेला, शिवण दाबतात तसा. जणू कुणी रोज थोडं थोडं वाचत पुढे सरकलं होतं. शेवटच्या पानाचा कोपरा मात्र दुमडलेलाच होता.

तिनं तो तसाच ठेवला.

नवी बाई आली ती घाबरलेलीच. नवरा पिशवी ठेवून, लगबगीनं पुस्तक तिच्या हातात देऊन निघून गेला. फळीवरचंच होतं ते, काकांचं. बाईनं ते उगाच उलटंसुलटं केलं. शेवटच्या पानापाशी तिचा हात थांबला.

“आधीच्यांनी पूर्ण वाचलेलं दिसतंय.” कितीतरी वेळानं तिचा श्वास सैल झाला. “घरी गेले का हो ते?”

“हो,” सिस्टर म्हणाली. “खुनी सापडला, मगच गेले.”