अजून थोडं हळू

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या त्या जुन्या ट्रकला एक ट्रान्सफर केस, म्हणजे वेग उतरवून जोर वाढवणारा जादा गिअरबॉक्स, होताच. तरी त्याने दुसरा आणला आणि अंगणात ट्रक जॅकवर चढवून महिनाभर खपत राहिला. मेहुणा ते लोखंडी धूड खालून पेलून धरायचा, तो बोल्ट आवळायचा.

"भाऊजी, एका केसवरच ट्रक दमादमाने चढतो. दोन लावले तर गोगलगाय होईल. माणूस चालत पुढे जाईल!"

"जाऊ दे की."

"'आटप, किती वेळ!' करून ताईला जन्मभर घायकुतीला आणलंत, आणि आता हे?"

तो नट आवळत राहिला.

काम संपलं त्या सकाळी त्याने सगळ्यात खालचा गिअर टाकला. ट्रक मुंगीच्या पावलांनी फाटकाबाहेर निघाला. बाजूने, फाळक्याची कड धरून, अर्धांगवायूतून उठलेली बायको एकेक पाऊल टाकत चढ चढू लागली. तिला काठी नको होती, कुणाचा हातही नको होता. चढाच्या टोकाशी तिने कड सोडली, चार पावलं पुढे गेली आणि वळून ओरडली,

"अहो, आटपा की! किती वेळ!"