प्रवरेच्या काठानं दोन सायकली

"राग कितपत येतो?" रंध्याचा पूल मागे पडला तसं रश्मीनं विचारलं.

महेंद्रनं गिअर बदलला. "येतो. आरडाओरडा न्हाई, पण दोन तास कुणाशी बोलायचं न्हाई. मग आपणच चहा टाकून सगळ्यांना द्यायचा."

"चालेल," रश्मी म्हणाली.

रस्ता रिकामा होता. खाचरांत भात पोटरीला आला होता, बांधाबांधांवर सोनकी पिवळी झाली होती. झाडीच्या आडून प्रवरेचं पाणी ऐकू येत होतं. दोघांनी सकाळीच सायकली टेम्पोत टाकून शेंडी गाव गाठलं होतं आणि आता नदीच्या ओघानं खाली अकोल्याकडं निघाले होते. तिथं महेंद्रची मावशी मुक्ताबाई हिच्या घरी महेंद्रचे वडील उत्तमराव आणि रश्मीची आई गीताबाई वाट बघत बसले होते.

स्थळ मुक्ताबाईनंच सुचवलं होतं. दोन भेटी झाल्या होत्या, नातलगांना पसंत होतं. आता या दोघांनी हो म्हटलं की तारीख धरायची.

सायकलींची कल्पना रश्मीची. ती नाशिकला बँकेत होती आणि रविवारी घरात थांबत नसे. महेंद्र संगमनेरच्या आयटीआयत शिकवायचा, त्यालाही हाच नाद. "हॉटेलात समोरासमोर बसलं की माणूस छान छान बोलतो," तिनं फोनवर सांगितलं होतं. "चढावर खोटं बोलायला दम उरत नाही."

पुढच्या चढावर महेंद्रनं विचारलं, "नोकरीचं काय?"

"सुटणार नाही. घरात बसून राहणं जमायचं नाही."

"सोडा म्हणतंय कोण? सैपाक?"

"उत्तम. फक्त मीठ कमी पडलं असं म्हणायचं नाही. रुसवा चार दिवस टिकतो."

"चार?"

"कमीत कमी."

महेंद्र मोठ्यानं हसला. समोरून गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईनं दोघांकडं कौतुकानं पाहिलं. "जोडीनं फिरताय व्हय? फिरा, फिरा," म्हणत ती बाजूनं गेली. रश्मीनं नुसतीच मान हलवली.

लग्न विहारात करायचं, दोन तासांत उरकायचं, बँड नको, यावर राजूर येईपर्यंत एकमत झालं. राजूरला टपरीवर चहा झाला. पुन्हा सायकलीवर बसताना महेंद्र जरा गंभीर झाला.

"गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवरनं निघणार न्हाई. हे आधीच सांगतो."

"निघू नयेच," रश्मी म्हणाली. "आमच्याकडचाही आहे. दारूनं नेलेला माणूस, तरी आहे. रोज फूल वाहिलं जातं."

शंभरेक पावलं महेंद्रची सायकल तशीच गेली. मग त्यानं ब्रेक दाबला आणि एक पाय रस्त्यावर टेकवला.

"मावशीनं एक गोष्ट सांगितली नसंल. ती मी सांगतो. आमच्याकडंबी दारू हुती. लई हुती. सात वर्षं झाली सोडून."

रश्मीही थांबली. "सात?"

"एक दिवस चुकला न्हाई. विहारातल्या कुणालाबी विचारा. पण हुती."

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. पॅडल मारलं आणि विठा घाटाच्या उताराला लागली. वळणामागून वळण गेलं. महेंद्र मागं राहिला आणि त्यानं गाठायची घाई केली नाही. हे ठरणार असेल तर खऱ्यावर ठरावं, एवढंच त्याच्या मनात होतं. सांगितल्याचा पश्चात्ताप त्याला होत नव्हता.

रश्मी मात्र हात आखडेपर्यंत ब्रेक धरून उतरत होती. बाटलीनं घराचं काय होतं ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पुन्हा तोच उंबरा ओलांडायचा? सात वर्षं म्हणजे खूप की थोडी? आणि हा माणूस गप्प बसला असता तर कळलंही नसतं. या शेवटच्या विचारापाशी ती पुन्हा पुन्हा येत होती.

घाट संपल्यावर तिनं मोठा रस्ता सोडला आणि नदीकडं जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर एका बाभळीखाली उभी राहिली. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेला होता. महेंद्र आला, सायकल आडवी केली, लांब उभा राहिला.

"परत सुरू झाली तर?" तिनं विचारलं.

"तर सगळ्यात आधी तुमाला कळंल. माझ्याच तोंडनं."

"नक्की?"

"आज कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलंच ना?"

रश्मीनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग तीच बाटली त्याच्यापुढं धरली.

"प्या आणि चला. ऊन वाढतंय."

उरलेला रस्ता दोघं शेजारी शेजारी चालवत गेले. उसातून, डाळिंबाच्या बागांवरून, पाटाच्या कडेनं. एकही गाडी आडवी आली नाही. रश्मी मधूनच वेग वाढवायची, महेंद्र तो धरायचा. अकोल्याचा पूल ओलांडताना ती मोकळी झाली होती.

मुक्ताबाईच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. उत्तमराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसले होते. गीताबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

रश्मीनं हेल्मेट काढलं. "माझा होकार आहे," ती म्हणाली.

"माझाबी," महेंद्र म्हणाला.

मग रश्मीनं आईचा हात धरला आणि तिला उत्तमरावांच्या शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"तुमच्या लग्नाची तारीख तुमी दोघं ठरवा," महेंद्र वडिलांना म्हणाला, "पंगतीचं आमी भाऊबहीण बघतो."