हाताची चव

सप्टेंबर सरत आला की सीरियातल्या होम्स शहरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी अक्रोड भरलेली वांगी तेलात मुरत पडतात. पण शेजारच्या उम्म नवारच्या बरणीची सर कुणाच्याच बरणीला येत नाही. यंदा मात्र तिचा उजवा हात लुळा पडलेला. तरीही तिची थंडीसाठीची बरणी भरली, असं कानावर आलं, म्हणून मी चाखायला गेले.

एक वांगं भाकरीत गुंडाळून खाल्लं. "तुझ्याच हाताची चव आहे गं. कुणाकडून करून घेतलीस? सुनेकडून?"

"तिला लसूण सोलायचा कंटाळा."

"मग बहिणीकडून?"

उम्म नवार नुसती हसली. तिचा नवरा कोपऱ्यात दोन्ही हात खिशात घालून बसला होता. पुढ्यातली कॉफी निवून गेली, तरी त्याने पेला उचलला नव्हता.

"अहो, लपवता काय? दाखवा की तिला."

त्याने मान खाली घालून हात बाहेर काढले. हिरवे अक्रोड सोलून सोलून दहाही बोटं काळी पडली होती.

"चाळीस वर्षांत यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता," उम्म नवार म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.