मेट्रनच्या दुरुस्त्या

"गात गात?" मेट्रनने कागदावरून मान वर केली. "गात गात गेली म्हणे! तू कुठे होतास रे तेव्हा, दादा?"

दादा खुर्चीत चुळबुळला. तो काल विमानाने आला होता आणि उतरल्यापासून रडत होता. रडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. चार वाजता चर्चमध्ये आईचं स्मरण वाचायचं होतं. वाचायचा मान थोरल्याचा, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पाळकसाहेब कागद न्यायला आले होते आणि वहिनी त्यांना तिसऱ्यांदा पाणी देत होती.

धाकटीला घरात मेट्रनच म्हणत. इस्पितळ सोडून तिला अकरा वर्षं झाली होती. ती अकराही वर्षं तिने आईपाशी काढली, त्यातली चार आईच्या अंथरुणाशी. आई ब्याण्णवाव्या वर्षी गेली तेव्हा पाठीवर साधा चट्टा नव्हता. पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता: ताप, नाडी, पाणी किती चमचे, लघवी किती. दादाची अकरा वर्षं म्हणजे दर रविवारी एक फोन. त्यातही निम्मा वेळ तिकडच्या हवेचं वर्णन.

"'शिवणयंत्र चालवून आम्हां दोघांना वाढवलं.' हे खरं आहे, राहू दे," मेट्रन वाचू लागली. "'आई कधी कुणावर रागावली नाही.' सुई मोडली तरी घर डोक्यावर घ्यायची ती. खोड हे. 'अखेरच्या क्षणी तिच्या ओठांवर गीत होतं.' चार महिन्यांत एक ओळ म्हटली नव्हती तिने. धाप लागायची, म्हणून गाणं मीच बंद केलं होतं. आणि शेवटी काय? 'डॉक्टर, शेजारी, आया आणि माझी बहीण यांचे आभार.' वा! आयाच्याही मागे माझा नंबर."

"अगं, स्मरण आहे ते, रिपोर्ट नाही," दादा म्हणाला. "लोकांना जरा बरं वाटावं..."

"लोकांना बरं वाटावं म्हणून आईच्या मरणाची गोष्ट रचायची? हे असंच वाचलंस ना, तर मी जागेवरून उठेन आणि सगळ्यांदेखत सांगेन काय खरं ते."

पाळकसाहेब खाकरले. "मेट्रनबाई, आज नको."

"आजच. पुन्हा कधी मरणार आहे ती?"

तिने आयाला हाक मारली. आया आईच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. हातातली घडी घेऊनच ती दारात आली. मेट्रनला तिचंही फारसं कौतुक नव्हतं. चार वर्षं शिकवूनही बाईला अंगाखालची चादर सुरकुतीशिवाय घालता येत नव्हती. पण साक्षीला तेवढी पुरे होती.

"मी आंघोळीला गेले तेवढ्यात आई गेली. खोलीत तू एकटी होतीस. सांग या शहाण्यांना, गात होती का ती?"

आयाने पाळकसाहेबांकडे पाहिलं. मग घडीकडे.

"होत्या."

"काय होत्या?"

"गात होत्या, ताई. तुमच्या बाथरूमची कडी वाजली तसे आजींनी डोळे उघडले. म्हणाल्या, खोलीचं दार लोटून घे. ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हाताने काढला. तीन कडवी म्हटली. मग गप्प झाल्या."

तीन कडवी! त्या छातीत तीन शब्दांपुरती हवा नव्हती, हे मेट्रनला पक्कं ठाऊक होतं. तक्त्यावर आकडे होते.

"मला हाक का नाही मारलीस?"

"त्या नको म्हणाल्या."

"आणि दोन दिवस तोंडात गुळणी धरून बसलीस?"

"तुम्ही तक्त्यावर वेळ लिहिलीत आणि मला चादरी बदलायला सांगितलंत. बाकी काही विचारलं नाहीत."

दादाने हळूच कागद आपल्याकडे ओढला. मेट्रनने ओढू दिला. ती आयाकडे वळली. मग इस्पितळात कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात तिने विचारलं, "त्रास होत होता का गं तिला?"

"नाही हो, ताई," आया म्हणाली. "नुसती घाई होती. तुमच्या आंघोळीला दहाच मिनिटं लागतात ना."