नमुना

ताईने छोटी डबी धाकट्या बहिणीच्या टेबलावर ठेवली. बहीण प्राण्यांची डॉक्टर. "आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याची शी आहे. तीन महिने रक्त पडतंय, वजनही उतरलंय. जंत झालेत का, तेवढं बघ."

डॉक्टरने मायक्रोस्कोपखाली काचपट्टी कोपरा न् कोपरा पाहिली. रक्त होतं, पण जंताचं एकही अंडं नव्हतं. आता आतड्यातल्या गाठीचीच शंका घ्यायला हवी होती.

"त्याला टेबलावर घे," ताईच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे बघत ती म्हणाली.

कुत्रा शेपटी हलवत सोनोग्राफीला आडवा झाला. आतड्यात कुठेही गाठ नव्हती. वजन उलट दोन किलोंनी वाढलेलं. तिने तिथेच ताजा नमुना घेतला. त्यात रक्ताचा थेंबही नव्हता.

तिने मान वर करून ताईकडे पाहिलं. केस मागे सारताना ताईच्या मनगटातलं घड्याळ पार कोपरापर्यंत घसरलं होतं.

"ताई, डबीत कुणाचं आहे?"

ताई कुत्र्याला थोपटत राहिली.

डॉक्टरने ॲप्रन काढला आणि गाडीची किल्ली उचलली. तेव्हा ताई हळूच म्हणाली, "जंत निघाले असते, तर तुला कळूच दिलं नसतं गं."