लूट बॉक्समधली खोती

राजापूरची एसटी अजून फलाटाला लागली नव्हती. सानवीच्या घराला गावात आजही खोतांचं घर म्हणतात. फोनवरच्या नव्या गेममध्ये लूट बॉक्स उघडला की आत नशिबाने काय निघतं, त्यावर कोण जमीनदार आणि कोण कूळ, ते ठरतं.

सानवीने अकरा बॉक्स उघडले. अकराही वेळा विळाच निघाला. शेजारी बसलेल्या नम्रताने पहिलाच बॉक्स उघडला आणि तिला चाळीस गावं मिळाली. सानवी स्वतःचा फोन सोडून तिच्याच फोनकडे बघत राहिली.

“खरी खोती आमची होती गो,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. माझी पणजी तुमच्याकडे फुकट भात कापायला यायची.”

“मग एक गाव दे ना मला.”

“देते की. पण आठवड्यातला एक दिवस माझ्या शेतात राबायचं. गेमचा तसा नियमच आहे.”

“असला कसला गो नियम?”

“तुझ्या आजोबांना विचार जाऊन.”

सानवीने फोन पिशवीत कोंबला आणि तोंड फिरवलं.

नम्रताच्या फोनवर हा गेम आदल्या दिवशी सानवीनेच डाउनलोड करून दिला होता, आपल्या हाताखाली एखादं कूळ हवं म्हणून.